बर्फावरचे क्लासेस

गेल्या मार्चमध्ये ताईनं माझ्याकडे एक एक्सेल शीट करून मागितली. "तू सॉफ्टवेअरवाला, तुला दहा मिनिटांचं काम," असं म्हणून तिनं बुटांच्या खोक्यातून पावत्या आणि क्रेडिट कार्डाची स्टेटमेंटं काढून माझ्यासमोर ठेवली. ताई म्हणजे माझी मावसबहीण. टोरंटोला लागून असलेल्या मिसिसागात तिचं घर आहे आणि त्या घराच्या बेसमेंटमध्ये मी तीन वर्षं राहतो आहे. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, तेरा वर्षांचा आहे. तो आइस हॉकी खेळतो. किंवा सोयीसाठी आपण तसं म्हणू. जे चाललंय त्याला 'खेळणं' म्हणावं का, याबद्दलच हा लेख आहे.

शीट अशी झाली. आकडे कॅनेडियन डॉलरमध्ये, एका सीझनचे:

क्लबची फी: ७,५००
बाहेरगावच्या चार टुर्नामेंट्स (हॉटेल, खाणं, पेट्रोल): ५,२००
स्प्रिंग टीम आणि उन्हाळी कॅम्प: ३,८००
स्केटिंगचा खाजगी कोच, आठवड्यातून एकदा: ३,६००
स्टिक्स, स्केट्स, बाकीचं सामान: ३,४००
रोजची ने-आण (पेट्रोल आणि टोल): २,४००
जिम ट्रेनर: १,२००

एकूण २७,१०० डॉलर. म्हणजे सोळा-सतरा लाख रुपये. एका मुलाचे, एका वर्षाचे.

बेरीज पाहून भाऊजी म्हणाले, "एवढे नसतील रे. काहीतरी दोनदा धरलं असशील." मी पुन्हा तपासलं. दोनदा काहीच धरलं नव्हतं. उलट एक गोष्ट सुटली होती. घर तारण ठेवून घेतलेल्या कर्जाचं व्याज. ते कर्ज हॉकीसाठी घेतलंय असं घरात कोणी म्हणत नाही. 'किचन करायचं होतं म्हणून घेतलं' असं म्हणतात. किचन अजून झालेलं नाही.

हा प्रकार काय आहे

ज्यांचा संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅनडात लहान मुलांच्या हॉकीला मायनर हॉकी म्हणतात. सगळ्यात खाली हाउस लीग: नाव नोंदवा, या, खेळा. तिच्या वर निवडक मुलांचे संघ, ए, डबल ए आणि ट्रिपल ए अशा चढत्या पायऱ्यांचे. दर वसंतात ट्रायआउट होतात आणि संघ नव्यानं निवडला जातो, म्हणजे गेल्या वर्षीची जागा या वर्षी तुमची नसते. टोरंटो परिसरातली जीटीएचएल ही जगातली सगळ्यात मोठी मायनर हॉकी संघटना म्हणून ओळखली जाते, त्यामुळे या शर्यतीचं सगळ्यात दाट रूप इथे बघायला मिळतं.

पंधराव्या-सोळाव्या वर्षी ओंटारियो हॉकी लीगचा, म्हणजे ओएचएलचा ड्राफ्ट येतो. वीस संघ, पंधरा फेऱ्या, म्हणजे तीनशेच्या आसपास मुलं. त्यातून पुढे अठराव्या वर्षी एनएचएलचा ड्राफ्ट. बत्तीस संघ, सात फेऱ्या, सगळ्या जगातून २२४ मुलं.

माझा भाचा ट्रिपल एमध्ये खेळतो. आठवड्यात तीन प्रॅक्टिस, दोन सामने, एक खाजगी कोच, दोनदा जिम. शनिवारी सकाळी पावणेसहाला बर्फावर उतरायचं, म्हणजे पावणेपाचला उठायचं. उणे पंधरा तापमानात गाडीवरचं बर्फ खरवडणारे भाऊजी मी बेसमेंटच्या छोट्या खिडकीतून पाहतो, म्हणजे त्यांचे फक्त बूट दिसतात. भाचीचं, वय वर्षं नऊ, कथक बंद झालं, कारण शनिवारी तिला सोडायला कोणी मोकळं नसतं. ती रिंकच्या कँटीनमध्ये बसून गृहपाठ करते. तिला कोणी विचारलं की तुझा आवडता खेळ कोणता, तर ती म्हणते, "आमच्याकडे दादाची हॉकी आहे."

तीन समर्थनं

रिंकच्या काचेशी उभ्या असलेल्या कुठल्याही पालकाला विचारा. तो पहिल्यांदा हेच सांगेल की आम्हाला काही भ्रम नाहीत, मुलगा एनएचएलमध्ये जाणार नाही हे आम्हाला माहीत आहे. आणि खरंच माहीत असतं. केन कॅम्बेल आणि जिम पार्सेल्स यांच्या 'सेलिंग द ड्रीम' या २०१३ सालच्या पुस्तकाला तर बारा-तेरा वर्षं झाली. पार्सेल्स यांनी १९७५ साली जन्मलेल्या आणि ओंटारियोत मायनर हॉकी खेळलेल्या मुलांचा माग काढला होता. सुमारे ३०,००० मुलं. त्यांतल्या ४८ जणांना एनएचएलच्या संघांनी ड्राफ्टमध्ये घेतलं, ३२ जण निदान एक सामना खेळले आणि एका पूर्ण सीझनपेक्षा जास्त टिकले ते १५. दोन हजारांत एक. हे आकडे कोणी लपवलेले नाहीत.

मग पैसे कशासाठी? इथे तीन समर्थनं येतात आणि ती एकेक करून तपासायला हवीत, कारण त्यांच्यावरच हा सगळा डोलारा उभा आहे.

पहिलं: एनएचएल नाही, पण अमेरिकेत कॉलेजची स्कॉलरशिप मिळेल. हिशोब करू. ओंटारियोत राहणाऱ्या मुलाला इथल्या विद्यापीठांतल्या बहुतेक पदव्यांची चार वर्षांची ट्यूशन फी ताईच्या दोन सीझनच्या खर्चात निघते. दोन. ती गेली सहा वर्षं खर्च करते आहे आणि अजून तीन-चार वर्षं करणार आहे. शिवाय मुलांच्या शिक्षणासाठी इथे आरईएसपी नावाचं बचत खातं असतं. त्यात वर्षाला २,५०० डॉलर भरले की सरकार वीस टक्के, म्हणजे ५०० डॉलर, स्वतःहून घालतं. भाच्याच्या खात्यात गेली चार वर्षं काहीच भरलेलं नाही. म्हणजे खात्रीचं अनुदान सोडून अनिश्चित स्कॉलरशिपच्या मागे धावणं चालू आहे. त्यात ती स्कॉलरशिपही आता दूर गेली. ओएचएलसारख्या मेजर ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्या मुलांना पूर्वी अमेरिकी कॉलेज हॉकी बंद असायची. एनसीएएनं नोव्हेंबर २०२४ मध्ये तो नियम बदलायचं ठरवलं आणि १ ऑगस्ट २०२५ पासून त्यांना दार उघडलं. आता त्याच जागांसाठी एकोणीस-वीस वर्षांचे तयार खेळाडूही रांगेत आहेत.

दुसरं: शिस्त लागते, संघात राहायला शिकतो, पडल्यावर उठायला शिकतो. अगदी खरं. पण हे सगळं हाउस लीगमध्येही शिकतात, आणि आमच्या भागात त्याला हजारएक डॉलर पडतात. शिस्तच विकत घ्यायची असेल तर उरलेले सव्वीस हजार कशाचे?

तिसरं समर्थन सगळ्यात प्रामाणिक आहे आणि ते ताईच देते: "त्याला आवडतं रे." हो, त्याला आवडतं. मी त्याला बर्फावर पाहिलंय. घरात पायात पाय अडकून पडणारा हा मुलगा तिथे वळणं घेताना असा दिसतो की बघत राहावं. पण आवडण्याचं बिल सत्तावीस हजार कोणी ठरवलं? त्याला हॉकी आवडते. दर एप्रिलला ट्रायआउटच्या आदल्या रात्री उलटी होणं आवडतं असं तो कधी म्हणालेला नाही.

जन्मतारखेची परीक्षा

भाच्याचा वाढदिवस ऑक्टोबरच्या शेवटी असतो. वाचणाऱ्याला यात विशेष वाटणार नाही. हॉकीवाल्याला लगेच कळेल.

मायनर हॉकीत वयोगट कॅलेंडर वर्षानं पडतात. एक जानेवारीला जन्मलेला आणि एकतीस डिसेंबरला जन्मलेला एकाच गटात. तेराव्या वर्षी दहा महिन्यांचा फरक म्हणजे कित्येकदा अर्धा फूट उंची आणि दहा किलो वजन. आठव्या वर्षी तर जवळजवळ एक दशांश आयुष्य. रॉजर बार्न्सली या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली दाखवून दिलं की वरच्या ज्युनियर लीगमधल्या खेळाडूंत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांचा भरणा कितीतरी जास्त आहे. माल्कम ग्लॅडवेलनं २००८ च्या 'आउटलायर्स'मध्ये ही गोष्ट घराघरात पोचवली. म्हणजे निवड समिती आठव्या वर्षी 'टॅलेंट' म्हणून जे निवडते त्यात बराच भाग जन्ममहिन्याचा असतो.

माझ्या धंद्यात याला फीडबॅक लूप म्हणतात. सुरुवातीला मोजमापात एक छोटी चूक असते. त्या चुकीच्या आधारावर तुम्ही काहींना जास्त बर्फ, चांगला कोच, तगडे प्रतिस्पर्धी देता. चार वर्षांनी ती मुलं खरोखरच सरस झालेली असतात. मग तुम्ही म्हणता, बघा, आम्ही निवड बरोबर केली होती. असा कोड माझ्या टीममध्ये कोणी लिहिला तर तो रिव्ह्यूमध्येच अडकेल. इथे तो चाळीस वर्षं प्रॉडक्शनमध्ये आहे, बग सगळ्यांना माहीत आहे, आणि दुरुस्त कोणी करत नाही. कारण उघड आहे: बगमुळे ज्यांचं बिल वाढतं ते पालक आहेत आणि ज्यांचं उत्पन्न वाढतं ते दुसरे आहेत. ऑक्टोबरच्या मुलाला हवा असतो वेळ, आणि वेळ फुकट असतो. ताईला मात्र त्या दहा महिन्यांची भरपाई स्केटिंग कोच लावून करावी लागते.

उलटी लोकल

या विषयावर बोलताना लोक एक खलनायक पुढे करतात: काचेवर मुठी आपटणारा, रेफरीला शिव्या घालणारा हॉकी बाप. तो असतो, मी पाहिलाय. पण तो सोयीचा खलनायक आहे. त्याच्याकडे बोट दाखवलं की बाकी सगळे शहाणे ठरतात आणि व्यवस्था नामानिराळी राहते. ताई आणि भाऊजी कधी ओरडत नाहीत. ते मागे उभे राहून दोघांत एक कॉफी पितात. आणि पैसे तेवढेच भरतात.

मुंबईत लोकलनं जाणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. संध्याकाळी बसायला जागा मिळावी म्हणून कोणीतरी आधी उलट्या दिशेची गाडी पकडतो, टर्मिनसला जातो आणि गाडी वळली की त्याच जागेवर बसून परत येतो. एकानं केलं तर तो हुशार. सगळ्यांनी केलं की गाडी उलट्या दिशेलाच भरून येते. बसणाऱ्यांची संख्या तेवढीच राहते, प्रत्येकाची फक्त वीस मिनिटं जास्त जातात. आणि जो उलटा जात नाही त्याला आता मुळीच जागा मिळत नाही.

स्प्रिंग हॉकी ही उलटी लोकल आहे. सीझन सप्टेंबर ते मार्च. पूर्वी उन्हाळ्यात मुलं बेसबॉल, लॅक्रॉस, सायकली यांत रमायची. मग कोणीतरी एप्रिल-मेमध्ये जास्तीचे सराव सुरू केले. आता वेगळी स्प्रिंग टीम असते, तिची वेगळी जर्सी, वेगळी फी. एडमंटनच्या एका मॉलमधल्या रिंकवर दर उन्हाळ्यात नऊ-दहा वर्षांच्या मुलांची ब्रिक नावाची स्पर्धा होते, आणि तिच्यासाठी देशभरातून निवडक संघ बांधले जातात. भाऊजींनी एक वर्ष स्प्रिंग टीम टाळली होती. सप्टेंबरमध्ये भाचा चौथ्या लाइनवर गेला. पुढच्या वर्षी त्यांनी न बोलता चेक लिहिला.

प्रत्येक पायरीवर पालकाचा निर्णय त्याच्या जागी शहाणपणाचा असतो. या वर्षी एक स्टिक जास्त, या वर्षी एक कॅम्प जास्त. वेडेपणा बेरजेत आहे, आणि बेरीज कोणी करत नाही, कारण बिल कधी एकत्र येतच नाही. हप्त्याहप्त्यानं येतं. कित्येक टुर्नामेंट्सची अट असते की आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलातच राहायचं. नाहीतर संघाला प्रवेश नाही. स्वस्त मोटेल शेजारी असलं तरी चालत नाही. मुलाच्या खेळाचा आणि पालकांच्या हॉटेलचा संबंध काय, हा प्रश्न रांगेत उभं राहून विचारायचा नसतो, कारण मागे दुसरा पालक उभा असतो.

प्रश्न न विचारण्याची ही सवय किती खोल आहे ते २०२२ साली दिसलं. हॉकी कॅनडा ही राष्ट्रीय संघटना एक फंड राखून होती, ज्यात देशभरातल्या मुलांच्या नोंदणी फीचा वाटा जात होता आणि ज्यातून लैंगिक अत्याचाराच्या दाव्यांच्या तडजोडी भागवल्या गेल्या. हे पालकांना वर्तमानपत्रांतून आणि संसदीय समितीपुढच्या सुनावण्यांतून कळलं. त्या ऑक्टोबरमध्ये मुख्याधिकारी आणि संचालक मंडळ पायउतार झालं. फी मात्र भरली जातच होती. सीझन सुरू झाला होता ना.

आपली माणसं इथे कशी आली

भाऊजी सांगलीचे. मोठे होईपर्यंत त्यांनी बर्फ फक्त उसाच्या रसाच्या गाड्यावर पाहिला होता. मग हे कुठून आलं?

ते या देशात दहा वर्षं राहून शेजाऱ्यांशी हवामानापलीकडे बोलले नव्हते. मुलगा सातव्या वर्षी हॉकीत गेला आणि महिन्याभरात भाऊजींना नावानं हाक मारणारे पंधरा लोक झाले. ही छोटी गोष्ट नाही. परक्या देशात आपल्याला कोणी ओळखीचं हसावं यासाठी माणूस बरंच काही देतो. 'हॉकी नाइट इन कॅनडा'चं पंजाबी समालोचन २००८ पासून आहे. मॅनी मल्होत्रा, पंजाबी वडिलांचा मुलगा, याच मिसिसागात जन्मला आणि एनएचएलमध्ये ९९१ सामने खेळला. भाऊजी त्याचं नाव असं घेतात जसं आमच्याकडे कोणी गावातल्या कलेक्टर झालेल्या मुलाचं घ्यावं.

आणि वेन ग्रेट्स्कीची कथा तर इथल्या प्रत्येक बापाला पाठ आहे. ब्रँटफर्डमध्ये परसात पाणी मारून बापानं रिंक केलं आणि त्यातून जगातला सर्वश्रेष्ठ खेळाडू घडला. वॉल्टर ग्रेट्स्की टेलिफोन कंपनीत तंत्रज्ञ होते. ही कथा सांगताना दोन गोष्टी गाळल्या जातात. एक, दहा वर्षांच्या वेननं एका सीझनमध्ये ३७८ गोल केले तेव्हा त्याच्याच गावातल्या मोठ्या माणसांनी त्याची हुर्यो उडवली, आणि चौदाव्या वर्षी त्या जाचातून सुटायला तो घर सोडून टोरंटोला आला. दोन, परसातलं रिंक फुकट होतं. आज टेलिफोन तंत्रज्ञाच्या पगारावर तीन मुलगे ट्रिपल एमध्ये खेळवून दाखवा म्हणावं. फुकटच्या रिंकची कथा सांगून सत्तावीस हजारांचा सीझन विकला जातो, आणि ज्यांना तो परवडत नाही ती मुलं ट्रायआउटच्या यादीत येतच नाहीत. आमच्या घरापासून चार चौकांवर उंच इमारती आहेत, नव्यानं आलेल्या कुटुंबांनी भरलेल्या. भाच्याच्या संघात त्या इमारतींतला एकही मुलगा नाही. तरी निवड गुणवत्तेवर होते असं सगळे मानतात.

मला हे ओळखीचं का वाटतं

मी अकरावी-बारावी कोटाला होतो. बाबांनी पीएफमधून पैसे काढले होते. माझी आयआयटी झाली नाही. पुण्याच्या एका कॉलेजात इंजिनिअर झालो आणि बरं चाललंय. क्लासच्या भिंतीवर निवड झालेल्यांचे फोटो असायचे, न झालेल्यांचे नसायचे. इथल्या रिंकच्या भिंतीवरही वर गेलेल्या मुलांच्या जर्सी फ्रेम करून लावलेल्या आहेत. मी पहिल्यांदा त्या पाहिल्या तेव्हा पोटात जुनं काहीतरी हललं. शेजारी भाऊजी उभे होते आणि त्यांचा चेहरा बाबांसारखा दिसत होता, निकालाच्या दिवशी लिंक उघडत नसताना दिसला होता तसा.

पण ही तुलना मी पूर्ण करायला हवी, कारण ती हॉकीच्या बाजूनं जात नाही. कोटानं माझी दोन वर्षं खाल्ली, पण त्या गोपुराचा पाया रुंद होता. मी देशात पहिल्या दहा हजारांत नव्हतो, तरी शिकलेल्या गणितावर मला पदवी मिळाली, नोकरी मिळाली, व्हिसा मिळाला. अपयशालाही बाजारभाव होता. ओंटारियोत सोळाव्या वर्षी हॉकीत पाचशेवा असणं, म्हणजे खरं तर विलक्षण गुणी असणं, याला बाजारभाव शून्य आहे. आणि मी कोटाला गेलो तेव्हा सोळा वर्षांचा होतो. भाचा या रांगेत लागला तेव्हा त्याचे पुढचे दात पडलेले होते.

काय करता येईल

टीका करणाऱ्यानं पर्याय सांगावा, तर सांगतो. नॉर्वेत लहान मुलांच्या खेळासाठी सर्व क्रीडा संघटनांना बांधील असे नियम आहेत. १९८७ पासून त्यांची परंपरा आहे आणि २००७ मध्ये 'मुलांचे खेळातले हक्क' म्हणून ते नव्यानं मांडले गेले. लहान वयात निकाल आणि गुणतक्ते प्रसिद्ध करायचे नाहीत, तेराव्या वर्षाआधी राष्ट्रीय अजिंक्यपद नाही, किती खेळायचं यात मुलाचा शब्द महत्त्वाचा. सुमारे चोपन्न लाख लोकसंख्येच्या या देशानं २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदकं जिंकली. तोवर कुठल्याच देशानं एका हिवाळी ऑलिंपिकमध्ये इतकी जिंकली नव्हती. आइस हॉकीत नॉर्वे कॅनडाच्या जवळपासही नाही, हे मान्य. नॉर्वे श्रीमंत आहे, हेही मान्य. माझा दावा एवढाच आहे की आठव्या वर्षी मुलांची चाळणी केली नाही तर खेळाडू घडतच नाहीत, हे खोटं आहे.

कॅनडाला नॉर्वे व्हायची गरज नाही. चार गोष्टी पुरेत. बाराव्या वर्षापर्यंत ट्रिपल ए वगैरे पायऱ्या नकोत. सीझन संपल्यावर तीन महिने कुठल्याही संलग्न क्लबनं संघ उतरवायचा नाही. उलटी लोकल एकट्यानं सोडता येत नाही, ती सगळ्यांसाठी बंद करावी लागते. ट्रायआउटच्या आधी प्रत्येक क्लबनं हॉटेल-प्रवासासकट पूर्ण सीझनचा अंदाजित खर्च एका पानावर लिहून द्यावा. आणि निवडलेल्या संघातल्या मुलांचे जन्ममहिने, नावांशिवाय, जाहीर करावेत. यातल्या एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत.

माझा हिस्सा

आता कबुली. दोन वर्षांपूर्वी संघाच्या मॅनेजरनं विचारलं म्हणून मी एक छोटं अॅप लिहून दिलं. पालक काचेमागून शॉट, पास, बर्फावरची मिनिटं नोंदवणार, अॅप हिशोब करणार. मी हौसेनं एक जास्तीचं फीचर घातलं: प्रत्येक मुलाचा एक गुणांक आणि त्यावरून क्रम. कोणी मागितलं नव्हतं. डेटा होता, म्हणून केलं. महिन्याभरात कोच त्या यादीवरून लाइन्स ठरवू लागला. पालक कामावरून यादी रिफ्रेश करत. आणि एका रात्री भाचा जिना उतरून माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "मामा, माझा नंबर चौदावा आहे. तो तू काढतोस ना?"

संघात सतरा मुलं होती.

मी त्याला सांगायचा प्रयत्न केला की त्या गुणांकातलं वजन मी अंदाजानं घातलंय, ०.६ च्या जागी ०.४ घातलं तर तो नववा येईल. त्यानं विचारलं, "मग घाल ना." तेव्हा मला कळलं की मी कोटाच्या क्लासची टेस्ट सिरीज लिहून दिली आहे.

या एप्रिलमध्ये भाच्याला संघातून वगळलं. क्लबचं नाव देत नाही. त्या क्लबनं जगावेगळं काही केलेलं नाही. तीन दिवसांनी साठ किलोमीटरवरच्या दुसऱ्या क्लबचा फोन आला. जागा आहे, डिपॉझिट शुक्रवारपर्यंत. ताईनं मला विचारलं आणि मी वर लिहिलेलं सगळं तिला सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तुला मुलं नाहीत." आणि वर निघून गेली.

हे उत्तर मला मान्य आहे. मला मुलं नाहीत, म्हणूनच मी बेरीज करू शकलो. पण बेरीज चुकीची आहे असं ती म्हणाली नाही. डॅलसमधल्या टेनिसच्या, पुण्यातल्या बॅडमिंटनच्या, लातूरच्या फाउंडेशन बॅचच्या रांगेत उभे असलेले वाचक यातले आपापले आकडे घालून पाहू शकतात. फक्त बेरीज करा, व्याजासकट, आणि घरातल्या दुसऱ्या मुलाचे शनिवारही त्यात धरा.

अॅपमधला क्रम मी त्याच आठवड्यात काढून टाकला. मॅनेजरची मेल आली, पालक विचारताहेत. मी उत्तर दिलं नाही. भाच्यालाही कळलं. तो खाली आला, थोडा वेळ माझ्या खुर्चीच्या हातावर बसला आणि म्हणाला, "मग आता मला कसं कळणार मी कसा खेळलो ते?"

मी म्हटलं, तुला काय वाटतं, कसा खेळलास? तो बराच वेळ विचार करत होता. त्याला खरंच सांगता आलं नाही. सहा वर्षं खेळतोय तो.

आज गुरुवार आहे.